अनुभव धागा: लोकशाही मागणारे चिनी विद्यार्थी, तुम्ही काय पाहिलंत?

१५ एप्रिल १९८९ला चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सुधारणावादी माजी सरचिटणीस हू याओबांग गेले आणि बीजिंगचे विद्यार्थी पुष्पचक्रं घेऊन तियानानमेन चौकात जमू लागले. मागण्या काय होत्या? वृत्तपत्रांना मोकळीक द्या, नेत्यांच्या आणि त्यांच्या मुलाबाळांच्या मिळकती जाहीर करा, आमच्याशी बोला. २६ एप्रिलला पक्षाचं मुखपत्र 'पीपल्स डेली'च्या अग्रलेखाने त्यांच्यावर गोंधळ माजवण्याच्या कटाचा शिक्का मारला. ३ जूनच्या रात्री सैन्याने गोळ्या झाडल्या. तेव्हाचं किंवा नंतरचं, जे स्वतः अनुभवलंत ते लिहा. ऐकीव नको.

पुणे
मी तेव्हा कॉलेजात होतो. आमच्या अभ्यासमंडळात चीनचं फार कौतुक. रणगाड्यांपुढे पिशव्या घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाचा फोटो पेपरात आला, त्या संध्याकाळी आमच्यात कडाक्याचं भांडण झालं. एक मित्र म्हणाला, पोरांना बाहेरून फूस आहे. मला ते पटलं नाही. पुढे वाचलं की २२ एप्रिलला तीन विद्यार्थी ग्रेट हॉलच्या (चौकालगतचं संसद भवन) पायऱ्यांवर गुडघे टेकून, अर्ज डोक्यावर धरून बसले होते आणि तो घ्यायला कोणीही वरिष्ठ नेता बाहेर आला नाही. अर्ज द्यायला फूस कशाला लागते? मंडळात मी परत गेलो नाही.

हाँगकाँग
नोकरीमुळे आम्ही बरीच वर्षं इथे आहोत. दरवर्षी ४ जूनला रात्री ८ वाजता १९८९च्या मृतांच्या स्मरणासाठी व्हिक्टोरिया पार्कच्या फुटबॉल मैदानांवर लोक जमायचे. ऑफिसातल्या एका ताईंबरोबर मी पहिल्यांदा गेले. हातात मेणबत्ती, तिच्याभोवती कागदाचा कोन, तरी मेण बोटांवर यायचंच. मृतांची नावं वाचली जायची. मग पडद्यावर तियानानमेनच्या मातांचा, म्हणजे तिथे मुलं गमावलेल्या आयांचा निरोप. त्यांच्यातल्याच डिंग झिलिन यांचा मुलगा १७ वर्षांचा होता. माझा मुलगा तेव्हा दहावीत, त्यामुळे ते ऐकताना पोटात कालवायचं.

एकदा शेजारी चीनमधून शिकायला आलेली एक मुलगी बसली होती. ती इंग्रजीत म्हणाली, घरी हा विषय कोणी काढलाच नाही, इथे वाचनालयात कळलं. चेहऱ्यावर मास्क होता. फोटो काढू नका, अशी विनंती तिने केली. कार्यक्रम संपल्यावर स्वयंसेवक गुडघ्यांवर बसून जमिनीवरचं मेण खरवडत, तेव्हा तीही त्यांच्यात होती. चीनच्या पोलिसांना एवढ्याशा पोरीची भीती का वाटावी, याचा मला आजही राग येतो.

शांघाय
नोव्हेंबर २०२२. शिनजियांग प्रांतातल्या उरुमची शहरातल्या इमारतीला आग लागून माणसं मेली. लॉकडाऊनच्या अडथळ्यांमुळे त्यांना बाहेर पडता आलं नाही, असं लोक उघड बोलत होते. आमच्या घराजवळच्या उरुमची रोडवर रात्री फुलं, मेणबत्त्या आणि लिहू देत नाहीत म्हणून कोरे ए-फोर कागद घेतलेली तरुण मुलं. आधी फक्त शांतता. मग कोणीतरी कम्युनिस्ट पक्षाने पायउतार व्हावं अशी घोषणा दिली आणि इतरांनी उचलून धरली. हे चीनमध्ये भर रस्त्यात ऐकेन असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी परदेशी, व्हिसावर राहणारा, म्हणून कडेला थांबलो. दोन दिवसांनी फुटपाथला निळे पत्रे ठोकलेले, आणि पोलीस येणाऱ्या-जाणाऱ्यांचे मोबाइल तपासत होते.

पुणे
हाँगकाँगच्या ताई, पार्कात आता काय असतं?

हाँगकाँग
२०२०ला कोविडचं कारण देऊन बंदी आली, तरी लोक गेले. २०२१ला पोलिसांनी पार्कच बंद केलं. आयोजक संघटना त्याच वर्षी विसर्जित झाली. तिच्या उपाध्यक्ष, वकील चाऊ हांगतुंग यांनाही तेव्हाच अटक झाली. २०२३पासून त्याच तारखांना तिथे चिनी प्रांतांच्या खाद्यपदार्थांची जत्रा भरते. मी त्या जत्रेला जात नाही. मुलाला मात्र चाऊबाईंचं नाव आणि त्या कशासाठी तुरुंगात गेल्या ते नीट समजावून सांगितलंय.