नीलगायीला ‘गाय’ म्हणणं बंद करून ‘रोही’ म्हणायचं का?

तूरवाला:
नीलगाय ही गाय नाही हे शाळेतल्या पोरालाही माहितीये, तरी आपण मराठीत नीलगाय, इंग्रजीत नीलगाय, सरकारी कागदात पण नीलगायच. इंग्रजांनी शब्द इथूनच उचलला, आधी ‘निलघाउ’ लिहायचे, १७७१ मधे विल्यम हंटर नावाच्या डॉक्टरने याच नावाने लंडनमधे लेख छापला, आणि आता त्यांच्या डिक्शनरीत निलगाय म्हणजे मोठं भारतीय अँटिलोप. त्यांना काय, तो नुसता आवाज आहे. आपल्याला मात्र त्यात गाय ऐकू येते. रात्री हरभऱ्यात कळप घुसतो, सकाळी अर्धं रान आडवं, आणि परवाना काढून पारध करू म्हटलं की गावातलाच कोणीतरी हात जोडतो, गायीवर गोळी कशी घालायची म्हणून. विदर्भात ‘रोही’ हे चांगलं नाव आहे, तेच सगळीकडे वापरा. बिहारमधे घोडपरास म्हणतात, तिथं २०१६ ला मोकामात दोनशेच्या वर मारल्या, गाय कोणाच्या आड आली नाही.

खडूस_वाचक:
आड आली नाही कशी, मारायची परवानगी देणाऱ्या केंद्राच्या आदेशात नीलगायच लिहिलेलं होतं आणि तरी मारल्या. आणि गदारोळ झाला तो गाय म्हणून नाही. मनेका गांधी तेव्हा केंद्रात मंत्री, तरी आपल्याच मंत्रिमंडळातल्या पर्यावरणमंत्री जावडेकरांवर तुटून पडल्या त्या प्राणी मारले म्हणून.
दुसरं, ते ‘निलघाउ’ आलंय फारसी ‘नीलगाव’ वरनं, त्यात गाव म्हणजे बैल पण आणि गाय पण. जहांगीर तर त्यांची शिकार करायचा, एकदा नेम धरलेला असताना नोकर मधे आले आणि नीलगाय पळाली तर एकाचा जीव घेतला, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. तेव्हा नावामुळे बंदूक थांबते ही थिअरी मला तरी पटत नाही.
आणि गंमत म्हणजे ‘गाय नाही’ हे सुद्धा अर्धंच खरं. इंग्रजीत अँटिलोप म्हणजे शिंगं न गाळणाऱ्या कुळातलं जे गाय नाही म्हैस नाही शेळी मेंढी नाही ते उरलेलं सगळं, थोडक्यात अडगळीची खोली. वर्गीकरणात नीलगाय गाय-म्हशींच्याच उपकुळात बसते, काळवीट आणि चिंकारा दुसऱ्या. तिचा सगळ्यात जवळचा नातेवाईक चौसिंगा.

अकोटचा_भाऊ:
आमच्या इकडे नीलगाय कोनी म्हनतच नाही भाऊ. रोहीच म्हनतेत, आजापासून. मंग काऊन नाही मारत लोक? नावाचा संबंधच नाही. परवान्यासाठी चकरा मारा, बंदूक कोनाजवळ आहे, मारल्यावर त्याचं काय करायचं, अन् उद्या केस झाली तं वकील कोन देईल. तुमी कागदावर रोही लिवा नाहीतर ऐरावत लिवा, तुरीत घुसायचा तो घुसतेच. आमी रात्री जागल करतो, ज्याच्याजवळ पैसा आहे तो कुंपनाले झटका मशीन लावते अन् मंग कळप शेजाऱ्याच्या वावरात.

तूरवाला:
भाऊ तुम्ही म्हणता ते विदर्भापुरतं ठीक आहे, पण नियम मुंबईत बसून लिहितात आणि टीव्हीवर बातमी येते ती ‘नीलगायींना मारण्याची परवानगी’ अशीच, मग शहरातले लोक गाय वाचून भडकतात. तुमच्या चकरा वाढतात त्या अशाच वातावरणामुळे, हे तरी मान्य करा.

ह्यूस्टन_निवासी:
इकडे टेक्सासमधे उलटं आहे. गेल्या शतकात किंग रँच नावाच्या गुरांच्या मोठ्या फार्मवर आणून सोडल्या, आता दक्षिण टेक्सासमधे हजारोंनी आहेत. नाव निलगायच, पण गाय कोणाच्या डोक्यातच येत नाही, पैसे भरून शिकार करतात आणि मांस ‘अँटिलोप’ म्हणून हॉटेलात मिळतं. गुरांना ताप आणणाऱ्या गोचिड्या पसरवतात म्हणून रँचवाल्यांची तक्रार आहेच. म्हणजे नाव तेच, समाज वेगळा. मला वाटतं तूरवालांचा मुद्दा इथे जास्त सिद्ध होतो.

रानवाट:
होत नाही. टेक्सासमधे ती बाहेरची आहे, इथली नाही. इथे वाघ तिला खातो, वाघ जिथे आहे तिथे कळप ताब्यात राहतो. आपण झुडपी जंगल आणि गायरान खाऊन टाकलं, मोकळ्या माळावरचा प्राणी तो, जाणार कुठे. नाव बदला म्हणणाऱ्यांना प्राण्याचा फक्त सरकारी दर्जा उतरवायचाय, जीभ सुधारायची नाहीये. ‘ब्लू बुल’ म्हणा हवं तर, मग मादीचं काय करणार, ती तर बदामी रंगाची, शिंगं पण नाहीत.

खडूस_वाचक:
शास्त्रीय नाव घ्या ना मग, बोसेलॅफस ट्रॅगोकॅमेलस. बैल, हरीण, बोकड, उंट, चारही आले. त्यातलं ट्रॅगोकॅमेलस १७६६ ला पल्लास नावाच्या शास्त्रज्ञ साहेबांनी ठेवलं, त्यांचाही गोंधळच होता :)

अकोटचा_भाऊ:
हे सगळं ठीक आहे. पंचनाम्याला या म्हनून चार दिवसांपासून फोन करून राह्यलो, तिथं तं मी रोहीच सांगतो अन् ते पन रोहीच लिहितेत. नुकसान मिळाल्यावर टाकतो इथं, किती मिळालं ते. तोवर तुमचं चालू द्या.