‘बोकुरानो’ला विकृती म्हणणाऱ्यांशी भांडण

रातकिडा
परवा इथे कुणीतरी लिहिलं की ‘बोकुरानो’ ही जपानी ॲनिमेशन मालिका म्हणजे 24 भाग लहान मुलं मारत सुटलेली विकृती आहे आणि यंत्रमानव फक्त निमित्ताला. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

सातवीतली मुलं सुट्टीत समुद्रकाठच्या शिबिराला जातात. गुहेत भेटलेला माणूस विचारतो, खेळ खेळणार का? 15 शत्रू हरवायचे, पृथ्वी वाचवायची. पट्टीवर हात ठेवा, झाला करार. 500 मीटर उंचीचं ते यंत्रमानवाचं धूड चालवणाऱ्याच्या जिवावर चालतं आणि लढाई जिंकली तरी तो मरतो, हे मात्र तो सांगत नाही. मुलांपैकी पहिला वाकू जिंकतो आणि वरून समुद्रात पडतो, तेव्हा मुलांना अपघातच वाटतो. पाठोपाठ कोदामा जातो आणि मग खरं काय ते बाहेर येतं.

मला विचाराल तर छळ झाला तो पट्टीवर हात ठेवून घेतला तेव्हा. पुढे ही मुलं काय करतात ते बघा ना! नाकामा सगळ्यांसाठी गणवेश शिवायला बसते. मोजीचं हृदय त्याच्या आजारी मित्राला बसवतात. ही विकृती?

पन्हं
ते मीच लिहिलं होतं. चिझूच्या गोष्टीपर्यंत पाहिलं आणि बंद केलं. शिक्षकाने नासवलेली सातवीतली पोर. मला दोन मुली आहेत, मोठी यंदा सातवीत गेली. मी हे करमणूक म्हणून बघू?

आणि प्रत्येकाच्या घरी काहीतरी भयंकर असायलाच हवं का? दाइचीचा बाप बेपत्ता, तीन धाकटी भावंडं त्याच्या गळ्यात. किरिएला सगळे टोचून खातात. एकाचं तरी घर सुखाचं दाखवायचं होतं. आपल्याला रडू येईपर्यंत पिळायचं, एवढंच चाललंय.

शिळाभात
दोघांनीही मांगा, म्हणजे मूळ जपानी चित्रकथा, वाचलेली दिसत नाही. मोहिरो कितोची, 2003 ते 2009, 11 खंड. ती वाचा आणि मग बोला. 2007च्या मालिकेचे दिग्दर्शक हिरोयुकी मोरिता यांनी स्वतःच जाहीर लिहिलं होतं की मूळ कथा त्यांना आवडत नाही. मग हात लावलाच कशाला? मांगात समोरच्या यंत्राचा चालक दुसऱ्या एका पृथ्वीवरचा असतो, तो यंत्र सोडून पळतो, तिथल्या गर्दीत मिसळतो. त्याला गाठायला या मुलांतल्या उशिरोला ती अख्खी पृथ्वी माणसांसकट संपवावी लागते. वाचून झाल्यावर मी आठवडाभर दुसरं काही वाचू शकलो नाही. मालिकेत त्याऐवजी याकुझा, म्हणजे जपानी गुंडटोळ्या, आणि पुढाऱ्यांची कारस्थानं. सगळं पाणी घालून पातळ केलं.

रातकिडा
याकुझाचे भाग कंटाळवाणे आहेत, मान्य. पण मूळ कथा न आवडणाऱ्या त्याच माणसाने शेवटी उशिरोच्या धाकट्या बहिणीला, कानाला, जगू दिलं. कुणीतरी एक उरावं आणि तिने बाकीच्यांची गोष्ट सांगावी, हे मला मांगापेक्षा जास्त भिडलं.

मावळतीकर
तो करार पाहून मला माझं आठवलं. पाचवीत होतो. आई आजारी पडली आणि मला मामाकडे पाठवलं. “आई बरी होतेय, तुझी सहामाही झाली की नेतो.” सहामाहीच्या आधीच अचानक घरी आणलं. अंगणात न्हावी वस्तरा परजत बसला होता. समोर पाट मांडलेला. मला कुणी काही सांगितलं नाही, त्या पाटावरून कळलं. आज चव्वेचाळीस वर्षांचा आहे, मामाशी नीट बोलता येत नाही. त्या गुहेतल्या माणसाला मी ओळखतो.

पन्हं
वाईट वाटलं वाचून, खरंच. पण पाचवीतल्या मुलाला काय सांगणार होते ते? “तुझी आई मरणार आहे”? माझे वडील आजारी असताना मी धाकटीला खरं सांगितलं. सहा महिने ती दिवा मालवू देत नव्हती. न सांगणारे सगळे फसवणारे नसतात, काहींना सांगवत नाही.

मावळतीकर
सांगवत नाही हे मोठ्यांचं दुखणं. ते मुलांनी का भोगायचं? तुमच्या धाकटीला आजोबांना भेटता तरी आलं. मला आलं नाही.

गोदाकाठ
मी नऊ वर्षं मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. मुलांना कळतं हो. आई बाहेर जाऊन रडते, तोंड धुऊन आत येते. कपाळावरचे केस ओले असतात, त्यावरून ओळखतात. एका मुलाने मला विचारलं होतं, “सिस्टर, उद्याचा डबा सांगू की नको?” आईला नाही विचारलं, तिला त्रास होईल म्हणून. ही मुलंच मोठ्यांना सांभाळत असतात.

शिळाभात
धागा बोकुरानोचा आहे. प्रत्येक धाग्यात घरचं रडगाणं आणायलाच हवं का? कथेच्या रचनेवर कुणी बोलणार आहे की नाही?

मावळतीकर
रडगाणं? माझ्या आईबद्दल लिहिलंय मी. शब्द मागे घ्या.

शिळाभात
शब्द चुकला, मागे घेतला. मुद्दा मागे घेत नाही.

रातकिडा
मग मुद्द्यावरच बोलतो. पन्हं, सुखाचं घर हवं होतं ना? माकीचं आहे. ती दत्तक आहे आणि तिला ते माहीत आहे. आईबाप तिच्यावर जीव टाकतात, घरात भाऊ जन्मणार म्हणून ती मोजून दिवस काढते. तिच्याच लढाईत समोरच्या यंत्राचा गाभा उघडतो आणि आत खुर्च्या दिसतात, खुर्च्यांवर माणसं. समोरही एक पृथ्वी आहे. तिथेही कुणाच्या तरी घरी पाळणा हलत असणार. सुखाचं घर दाखवलंय आणि नेमकं याच ठिकाणी दाखवलंय.

पन्हं
हे माहीत नव्हतं. पिळतात हे माझं मत तरी बदललेलं नाही. चिझूचं ज्या तऱ्हेने दाखवलंय ते मी माफ करणार नाही. पण त्या सिस्टरच्या डब्याने रात्री झोप लागली नाही.

माकीचा भाग चिझूनंतर लगेच येतो का? मुली झोपल्या की बघेन.

रातकिडा
मध्ये दाइची, नाकामा आणि मोजी आहेत. ते वगळू नका.