'रिस्टोरेटिव्ह केअर'ला मराठीत काय म्हणायचं?

मंडळी, एक शब्द हवाय. रत्नागिरीजवळच्या एका वृद्धाश्रमातल्या मावशींसाठी चार पानं मराठीत करतेय आणि पहिल्याच ओळीत अडकलेय. अमेरिकेत 1987 च्या कायद्यापासून नर्सिंग होमवर (तिकडे हे म्हणजे म्हाताऱ्या, आजारी माणसांनी राहायची जागा) बंधन आहे की आजारामुळे टळतच नसेल ते सोडून माणसाला जे येतं ते सुटता कामा नये, म्हणजे फिजिओ संपला तरी रोज थोडं चालवणं, सांधे हलवणं, आपल्या हाताने जेवू देणं हे तिथल्याच कर्मचाऱ्यांनी करायचं, यालाच 'रिस्टोरेटिव्ह केअर' म्हणतात. 'नर्सिंग होम' तसंच ठेवता येत नाही, आपल्याकडे ते म्हणजे डॉक्टरांचं छोटं हॉस्पिटल, नोंदणीसुद्धा 1949 च्या नर्सिंग होम कायद्याखाली होते. मग 'पुनर्वसन' लिहिलं तर एक मावशी घाबरून म्हणाल्या, "ताई, आजींना हलवतायत काय कुठे?"

प्रतिसाद, दोडामार्ग:
घाबरणारच. आमच्याकडे तिलारी धरण झाल्यापासून पुनर्वसन म्हणजे घरदार उठणं, दुसरा अर्थ डोक्यात येतच नाही. मला 'हात देणं' बरोबर वाटतं. आजीचं खुब्याचं हाड मोडलेलं, ऑपरेशननंतर आम्ही काखेत हात घालून तिला उचलायचो, तर ती ओरडायची, "माका उचलू नको गो, नुस्तो हात दी, मी उठतंय!" आणि खरंच खाटेची कड धरून, पाय मागे घेऊन, पुढे वाकून उठायची, वेळ लागायचा पण उठायची. उचलणं वेगळं, हात देणं वेगळं. रोज उचललं की पायातली ताकद जातेच.

प्रतिसाद, गुहागर:
मी फिजिओ आहे. 'हात देणं' कृतीला छान, पण सगळ्या सेवेला मी 'उभारी' म्हणेन, लावणीनंतर मान टाकलेलं भाताचं रोप उभारी धरतं तशी. आणि 'गेट बेल्ट'ला, म्हणजे चालवताना धरायला पेशंटच्या कमरेला बांधतात त्या पट्ट्याला, कमरपट्टा लिहू नका प्लीज, लोक कंबरदुखीचा पट्टा आणतात, सरळ 'धरून चालवायचा पट्टा' लिहा. काठीचंही लिहाच, जवळपास सगळे दुखऱ्या बाजूला धरतात, ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात हवी. वॉकर असेल तर आधी वॉकर पुढे, मग दुखरा पाय, मग चांगला.

मूळ प्रश्न विचारणारी:
वा! वरती 'उभारी', आणि पहिला धडा 'उचलू नका, हात द्या'. आजींचं वाक्य मालवणीतच ठेवते, चालेल ना?