१८ वर्षांवरच्या मुलांसाठी दिवसभराचं केंद्र काढायचंय, महिन्याचा हिशोब बसत नाहीये

विश्रामबागची आई (सांगली)

नमस्कार. माझा मुलगा २३ वर्षांचा आहे. बौद्धिक दिव्यांगत्व आहे, शिवाय अधूनमधून फिट येते. १८ पूर्ण झाल्यावर विशेष शाळा सुटली, तेव्हापासून तो घरीच असतो. सकाळी नऊला दप्तर घेऊन दाराशी उभं राहायची त्याची सवय मोडायला दोन वर्षं लागली. त्याच्याबरोबरची बरीच मुलं अशीच घरात बसून आहेत. कुणाचं वजन वाढलंय, कुणी बोलायचं थांबलंय.

मी १६ वर्षं पतसंस्थेत खातेवहीचं काम केलं, गेल्या वर्षी नोकरी सोडली. आता आम्ही नऊ घरं मिळून (माझं धरून) सकाळी १० ते ४ असं केंद्र सुरू करायचं म्हणतोय. वाचन-लेखनापेक्षा स्वतःचं स्वतः आवरणं, भाजी निवडणं, पणत्या रंगवणं, कागदी पिशव्या, फिरायला जाणं, असं. एका ओळखीच्यांचं तळमजल्याचं घर भाड्याने मिळतंय, तीन खोल्या आणि पुढे पडवी.

माझा महिन्याचा अंदाज असा: भाडं ९,०००, विशेष शिक्षिका १८,०००, दोन मावशी प्रत्येकी ९,०००, व्हॅन १४,०००, लाईट-पाणी-फोन २,०००, साहित्य ३,०००. एकूण ६४,०००. मुलामागे ७,१०० रुपये पडतात. एवढे कुणालाच झेपणार नाहीत, म्हणून फी ४,००० ठेवावी असं माझ्या मनात आहे. म्हणजे ३६,००० जमतील आणि २८,००० देणग्यांतून उभे करायचे. सुरुवातीच्या सामानासाठी माझ्याकडे अडीच लाख बाजूला आहेत. त्यातून टेबलं, खुर्च्या, गाद्या आणि एक शांत खोली नीट करायची आहे.

नातेवाईक म्हणतात, अशा मुलांच्या आईबापांकडून पैसे घेणार, ही कसली सेवा? ते मला लागलंय. आणि ट्रस्ट करावा की माझ्याच नावावर सुरू करावं, तेही ठरत नाही. ज्यांनी असं केंद्र चालवलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

कार्यशाळेचे दादा (नाशिक रोड)

ताई, २०१२ मध्ये आम्ही चार पालकांनी मिळून कार्यशाळा सुरू केली, आज २६ मुलं आहेत. तुमचा अंदाज वाचताना आमची पहिली वही आठवली. थोडं परखड लिहितो.

६४,०००चा आकडा वाईट नाही, पण ते २८,००० मला काळजीचे वाटतात. वर्षाचे ३,३६,००० होतात. पहिल्या वर्षी लोक हौसेने देतील. दुसऱ्या वर्षी तेच लोक विचारतील, अजून चालू आहे ना? तिसऱ्या वर्षी दर महिन्याच्या २५ तारखेपासून तुम्हाला झोप लागणार नाही.

आमचं तेच झालं. २०१५ साली एका देणगीदाराने वर्षभराचे पगार देतो म्हणून शब्द दिला आणि त्यावर विसंबून आम्ही फी वाढवली नाही. पैसे लांबले. तीन महिने पगार तुकड्या-तुकड्याने दिले. आमच्याकडे एक मावशी होत्या, सुरुवातीपासूनच्या. त्यांनी काही बोलून दाखवलं नाही, एका सोमवारी फक्त आल्या नाहीत. दवाखान्यात आयाचं काम मिळालं होतं. एक मुलगा त्यांच्याच हातून जेवायचा. नंतर जवळजवळ महिनाभर तो डबा उघडूच देत नव्हता, घरी जाऊन चारला जेवायचा. पगाराला उशीर झाला की भोगतं मूल, हे मला त्या महिन्यात कळलं.

तेव्हापासून आमचा नियम एकच आहे: पगार आणि भाडं फीतून, सवलत आणि वस्तू देणगीतून. देणगी आटली तर नवीन शिलाई मशीन येणार नाही, सहल रद्द होईल, पण मावशी सोमवारी येतील.

आता तुमचे आकडे. व्हॅन वेगळी काढा. जो व्हॅनने येईल त्याने अंतराप्रमाणे व्हॅनचे पैसे द्यावेत. घराजवळच्या मुलाच्या आईने कुपवाडच्या मुलाचं डिझेल भरावं हे फार दिवस टिकत नाही, कुरबुर सुरू होते. उरले ५०,०००. त्यात तुम्ही विसरलेलं घालतो: एखादी मावशी आजारी पडली तर बदलीचे २,०००, दिवाळीला एक पगार जादा द्याल त्याचे महिन्याला ३,०००, ऑडिट आणि कागदपत्रांचे २,०००, विमा आणि दुरुस्तीचे २,०००. झाले ५९,०००. मुलं नऊच राहिली तर साडेसहा हजार पडतात, बारा झाली तर ४,९००. एवढ्याच माणसांत बारा मुलं सांभाळता येतात, मात्र सगळ्यांनाच आधार लागणार असेल तर नाही. म्हणून सुरू करण्याआधी आणखी दोन-तीन घरं शोधा. तुमच्या जुन्या शाळेतून १८ पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या मुलांची यादी मागा, मिळेल.

एक चूक आम्ही केली, तुम्ही करू नका. ज्याला जास्त मदत लागते, शी-शूला न्यावं लागतं, भरवावं लागतं, त्याची फी आम्ही जास्त ठेवली होती. हिशोबाला ते बरोबर होतं. पण एका आईने शांतपणे विचारलं, माझ्या मुलीला जास्त आजार आहे म्हणून मला दंड का? पुढच्या महिन्यापासून तिने मुलीला आणलं नाही. आम्ही घरी जाऊन माफी मागितली, तरी ती परत आली नाही. आता फी सगळ्यांना सारखी आहे. जास्तीची मावशी लागली तर तिचा खर्च सगळ्यांत वाटला जातो.

गैरहजेरीचं पहिल्या दिवशीच कागदावर लिहा. आपल्या मुलांना फिट येतात, ॲडमिट करावं लागतं, आठ-आठ दिवस येत नाहीत. त्या दिवसांचाही मावशींचा पगार चालूच असतो. आमच्याकडे सलग महिनाभर नसेल तर त्या महिन्याची निम्मी फी, एरवी पूर्ण. मे महिन्याची मोठी सुट्टी देऊ नका, मुलांच्या आयांचा जीव त्यातच जातो.

आणि ते अडीच लाख. कृपा करून सगळे सामानात घालू नका. तिघींचा महिन्याचा पगार ३६,०००, तीन महिन्यांचे १,०८,००० केंद्राच्या नावावर ठेव म्हणून टाका आणि हात लावू नका. टेबलं जुनी चालतात. पहिली दोन वर्षं आमची मुलं सतरंजीवर बसली.

पणत्या-पिशव्यांचे पैसे भाड्याच्या हिशोबात धरू नका. तो मुलांचा मेहनताना आहे. आमच्याकडे माल आणि रंगाचा खर्च वजा करून उरलेलं मुलांच्या बँक खात्यात जातं. एका मुलाने पहिल्या दिवाळीत ३४० रुपयांतून वडिलांना रुमाल आणि आईला बांगड्या घेतल्या होत्या. ते वडील रिक्षा चालवतात, तो रुमाल अजून गाडीत असतो.

राहिलं नातेवाइकांचं. डॉक्टर फी घेतात, शिकवणीवाले घेतात. आपल्या मुलांना सांभाळणारी माणसं फुकट राबावीत असं लोकांना का वाटतं, याचा मला आजही राग येतो. मावशीला नऊ हजार देताना मला कमीपणा वाटतो. फुकट केंद्र काढलंत तर तिला सहाच देऊ शकाल.

हिशोबतपासनीस (पुणे)

दादांनी फीचं छान सांगितलं. मी कागदांचं सांगते. मी लेखापरीक्षक आहे आणि अशा दोन संस्थांची पुस्तकं बघते.

स्वतःच्या नावावर सुरू केलंत तर फी हे तुमचं उत्पन्न धरलं जाईल आणि देणगीदाराला ८०जीची, म्हणजे देणगीवरची आयकराची, सवलत मिळणार नाही. नऊ घरं एकत्र येताहेत, देणग्याही घ्यायच्या आहेत, तर ट्रस्ट किंवा संस्था बरी. महाराष्ट्रात ट्रस्टची नोंदणी १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे होते. सोसायटी करायची तर किमान सात सभासद लागतात आणि तिलाही इथे ट्रस्ट म्हणून नोंदावं लागतं. पुढे विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा. हे लोक विसरतात आणि दहा वर्षांनी बँक खात्यावर सह्या करणारे दोघं हयात नाहीत असं निघतं.

नोंदणी झाली की पॅन, संस्थेच्या नावाचं खातं, मग आयकराची १२एबी (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी. सुरुवातीला तात्पुरती नोंदणी तीन वर्षांसाठी मिळते. नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदललेत, बोलीत मात्र हेच चालतात. वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के त्याच कामावर खर्च व्हायला हवेत. २,०००च्या वर रोख दिलेल्या देणगीला ८०जी नाही. राखीव निधीसाठी कुणी पैसे दिले तर तसं त्यांच्याकडून लेखी घ्या, नाहीतर ते साधं उत्पन्न धरलं जातं. फी आणि देणगी यांची पावतीपुस्तकं पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा. फीला देणगी म्हणून पावती द्या असं पालक आग्रहाने सांगतील, प्रेमाने नाही म्हणा. फी म्हणजे सेवेचा मोबदला, तिच्यावर ८०जीची पावती देता येत नाही.

दिव्यांगांसाठी संस्था चालवायची तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे नोंदणी प्रमाणपत्र लागतं. तुमच्या जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात आधी चौकशी करा, आयुक्तालय पुण्यात आहे. बारा मुलं, पाच हजार फी, वर्षाचे ७,२०,००० होतात. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाखांची आहे, तेव्हा आज त्याची काळजी नको. माणसं दहा झाली की ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) आणि ग्रॅच्युइटी, वीस झाली की पीएफ. तुमच्याकडे तीनच आहेत, तरी पगार खात्यातच द्या.

आता एक नाजूक गोष्ट. तुम्ही विश्वस्त असाल आणि तुमचाच मुलगा तिथे येणार. त्याची फी इतरांइतकीच, त्याच तारखेला भरा. विश्वस्ताच्या घरच्या माणसाला मोफत सेवा दिली तर आयकराची सवलत धोक्यात येते. आणि बाकीच्या आठ घरांच्या मनात काय येईल, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

ठाण्याची पालक

मी फी भरणारी बाजू सांगते. माझी मुलगी २७ची, सेरेब्रल पाल्सी. आमच्या केंद्राने तीन वर्षं फी वाढवली नाही आणि मग एकदम दोन हजारांनी वाढवली. आम्ही सगळे चिडलो. बैठकीत त्यांनी खर्चाचा कागद भिंतीला लावला तेव्हा गप्प झालो. तुम्ही तो कागद पहिल्या दिवशीच लावा. दर एप्रिलला थोडी थोडी वाढ करा, आम्हाला ती पेलते.

पालकांना हेही सांगा: जुन्या कररचनेत असाल तर अवलंबित दिव्यांगासाठी आयकराच्या ८०डीडीखाली ७५,००० आणि ८० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर १,२५,००० वजावट मिळते. आणि केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा निरामय आरोग्य विमा, वर्षाला एक लाखापर्यंत, थेरपीचाही खर्च त्यात बसतो. तुमच्या नऊपैकी निम्म्यांनी काढला नसेल. कायदेशीर पालकत्वाचा दाखलाही जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून करून घ्या, मुलांची बँक खाती उघडताना तो उपयोगी पडतो. केंद्राने मला हे सांगितलं असतं तर माझी चार वर्षं वाचली असती.

विश्रामबागची आई (सांगली)

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितेय, कारण दादांचा हिशोब घेऊन बाकीच्या आठही घरी जाऊन आले. तीन संध्याकाळी लागल्या.

जुन्या शाळेच्या बाईंनी यादी दिली, त्यातून दोन घरं मिळाली. अकरा मुलं झाली. फी ५,५०० ठरली, म्हणजे ६०,५००. खर्च ५९,०००. व्हॅन पाचच जणांना हवी आहे, बाकीचे स्वतः सोडणार. ती पाच घरं व्हॅनवाल्याशी परस्पर ठरवतील.

दोन घरांना खरंच २,५००च्या वर जमत नाही. एकीकडे बाप अंथरुणाला आहे, दुसरीकडे आजी एकटी सांभाळते. त्या दोघांचे महिन्याला ६,००० कमी पडतात, वर्षाचे ७२,०००. दादा, तुमच्या नियमाप्रमाणे देणगी मी फक्त एवढ्यासाठीच मागितली. २८,००० मागायला तोंड उघडत नव्हतं, पण दोन मुलांच्या जागेसाठी मागताना अडखळले नाही. माझ्या भावाने एका जागेचं वर्ष घेतलं, आमच्या भिशीतल्या बायकांनी मिळून दुसरीचं. पुढच्या वर्षी पुन्हा जावं लागेल, ते ठाऊक आहे. तोवर मुलं बारा-तेरा झाली तर थोडा भार हलका होईल.

१,०८,०००ची ठेव संस्थेचं खातं उघडलं की टाकते, तोवर ते पैसे वेगळे ठेवलेत. शांत खोलीला नवीन गाद्या घेणार होते, त्याऐवजी आमच्या माळ्यावरच्या दोन पिंजून घेतल्या. मुलाने उन्हात त्यांना काठीने बडवायचं काम केलं, तासभर हलला नाही.

फीबद्दल घरात बोलणं झालं. हे म्हणाले, आपलंच केंद्र, आपणच फी भरायची? मी हिशोबतपासनीस ताईंचं लिहिलेलं वाचून दाखवलं. पावतीपुस्तकं छापायला दिलीत, फीचं हिरवं, देणगीचं पिवळं. हिरव्यातली पहिली पावती माझ्या मुलाच्या नावाची असेल.