मुंबई–लंडन ७,२०० किमी, तर तिकिटावरच्या वेळा अशा का?

कोथरूडकर: मुंबई–लंडन हवाई अंतर एका साइटवर ७,२०० किमी आहे, दुसरीकडे ४,४८० मैल आणि तिसरीकडे ३,८९० मैल. वेळ सगळीकडे ‘अंदाजे साडेआठ तास’. आईबाबांचं तिकीट असं आहे: सप्टेंबरमध्ये मुंबईहून दुपारी १.०० ला सुटून संध्याकाळी ६.१५ ला हीथ्रो. नोव्हेंबरच्या मध्यात हीथ्रोहून रात्री ८.३०, दुसऱ्या दिवशी सकाळी १०.४५ ला मुंबई. नक्की किती तास बसायचंय? आणि हीथ्रोहून बर्मिंगहॅमची बस किती वाजताची काढू?

वारा_पश्चिम: तिन्ही आकडे बरोबर आहेत. ४,४८० हे साधे मैल, ३,८९० हे नॉटिकल मैल (१ नॉटिकल मैल = १.८५२ किमी).

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात. सप्टेंबरमध्ये लंडन आपल्यामागे साडेचार तास, म्हणून सव्वापाच + साडेचार = पावणेदहा तास. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, फरक साडेपाच होतो. म्हणून परतीचे सव्वाचौदा वजा साडेपाच = पावणेनऊ. इथेच लोक साडेचार वजा करतात आणि दोन्हीकडून सारखाच वेळ लागतो असं धरून बसतात.

साडेआठ तास म्हणजे सरळ अंतराला एका ठरावीक वेगाने भागलेला आकडा. त्यावर बस काढू नका. विमान प्रत्यक्षात ७,६०० किमीच्या आसपास कापतं असं धरा. हवेतला वेग ताशी ९०० किमी. जाताना समोरून ५० चा वारा असेल तर जमिनीवरचा वेग ८५०, म्हणजे जवळपास ९ तास. येताना तोच वारा पाठीशी, वेग ९५०, म्हणजे ८ तास. चढणं-उतरणं आणि धावपट्टीपर्यंतची रांग मिळून पाऊण तास वाढवा, तिकिटाच्या वेळा जुळतात. हा पश्चिमेचा वारा थंडीत जास्त जोरात असतो.

नकाशेवाला: वरच्या हिशेबात एक भर. ७,६०० हा आकडा सगळ्या कंपन्यांना सारखा नाही. सरळ रेषा पाकिस्तान, कॅस्पियन, युक्रेनवरून जाते. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून बंद. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ ला भारतीय कंपन्यांना बंदी केली आणि ती महिन्या-महिन्याने वाढवत नेली. परदेशी कंपन्यांना ती लागू नव्हती. मुंबईला अरबी समुद्र लागूनच असल्याने वळसा दिल्लीपेक्षा कमी पडतो. इराण-इराककडे काही पेटलं की मात्र मार्ग आणखी लांबतो. तुमच्या फ्लाइट नंबरची मागच्या आठवड्यातली प्रत्यक्ष पोचायची वेळ ट्रॅकिंग साइटवर बघा, वेळापत्रकापेक्षा ती खरी.

हीथ्रो_टी४: बसबद्दल. ६.१५ ही विमान गेटला लागायची वेळ आहे. त्याआधी हीथ्रोवर १०–१५ मिनिटं घिरट्या घालाव्या लागणं नेहमीचंच. भारतीय पासपोर्टला ई-गेट चालत नाही, अधिकाऱ्यासमोरच्या रांगेत उभं राहावं लागतं. व्हीलचेअर मागितली असेल तर विमानातून सगळ्यात शेवटी उतरवतात, पण पुढे रांगेत वेळ वाचतो. ८.३० च्या आधीची बस काढू नका, आणि वेळ बदलता येईल असंच तिकीट घ्या. टर्मिनल २ आणि ३ ला बसस्थानक एकच आहे; ४ किंवा ५ ला उतरणार असतील तर बस तिथूनच सुटते का ते आधी बघा, नाहीतर टर्मिनल बदलण्यात अर्धा तास जातो.