आतड्याला पीळ की आंत्रव्यावर्तन?

साखळीकर: गरोदर बायकांसाठीच्या माहितीपत्रकाचा मराठी मजकूर करतोय. व्हॉल्व्ह्युलसला 'आतड्याला पीळ पडणे' लिहिलं, तर तपासणाऱ्या बाईंनी खोडून 'आंत्रव्यावर्तन' केलं. फोंड्याच्या बाजारात कुणाला कळणार हे?

नारळीपाक: पीळच ठेवा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. इथं वेळेत सोडवला नाही तर आतडंच जातं. फक्त 'पिळवटणे' नको, आतडं पिळवटतं ते लेक सासरी निघाल्यावर.

तत्सम: पीळ अंडाशयालाही पडतो, तोही गरोदरपणात. परिभाषा नेमकी हवी.

नारळीपाक: 'आतड्याला' असं पुढं लिहिलंय की, राव!

मांडवीकाठ: पोटात मुरडलं की आजी मुरुडशेंग उगाळून द्यायची. शेंगच पिळलेली! मुरडा हा शब्द तिथूनच आला असणार. तोच वापरा.

पांढरा_अ‍ॅप्रन: मुरडा अजिबात नको. लोकांना आंव वाटते आणि उगाळण्यात दिवस जातो. हे दुखणं दुर्मीळ, पण घातक. शेवटच्या महिन्यांत वाढलेलं गर्भाशय मोठ्या आतड्याचा सैल भाग वर ढकलतं, तो स्वतःभोवती फिरतो आणि रक्तपुरवठा तुटतो. पोट फुगतं, उलट्या होतात, वारासुद्धा सरत नाही. घरचे मात्र 'कळा लागल्या' म्हणून थांबून राहतात. पिळाचं सोडा, पत्रकात 'कळा' कुठं घातलंय का ते बघा.

साखळीकर: घातलंय. अपेंडिक्सच्या परिच्छेदात, 'उजवीकडे खाली कळा'.

पांढरा_अ‍ॅप्रन: 'खाली'सुद्धा काढा. गर्भ वाढतो तसं अपेंडिक्स वर सरकू शकतं, मग पार बरगडीखाली दुखतं. 'सतत दुखणे' लिहा. बाळंतपणाच्या कळा येतात नि जातात.

तत्सम: एकवचनी कळ कसलीही, अनेकवचनी कळा बाळंतपणाच्याच. त्यापेक्षा 'वेणा' म्हणा, थेट वेदनेवरून आलाय.

नारळीपाक: तुमच्या दातातून कळा येत नाहीत वाटतं?

पेडण्याची: मुळात 'गरोदर' तरी कशाला? आमच्याकडे कोंकणीत गुरवार म्हणतात.

तत्सम: गुरवार चालेल. संस्कृतातल्या गुर्विणीशी नातं आहे त्याचं.

नारळीपाक: म्हणजे बोली चालते, फक्त घराणं दाखवावं लागतं!

साखळीकर: मंडळी, पीळ ठेवू ना? उद्या छापायला द्यायचंय.

मांडवीकाठ: 'पोटुशी' कसं वाटतं?

पेडण्याची: तोंडावर म्हणून बघा कुणाला, मग कळेल.