सुखोथाई, अयुथया, बँकॉक: थायलंडचा इतिहास खरोखर एका सरळ रेषेत घडला का?

वाटसरू (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

थायलंडच्या इतिहासाविषयी जे काही वाचायला मिळते, त्यात एकच कथा पुन्हा पुन्हा भेटते. थाई लोक चीनमधून दक्षिणेकडे आले, १२३८च्या सुमारास त्यांनी कंबोडियाची ख्मेर सत्ता झुगारून सुखोथाईचे राज्य उभे केले, १३५१ मध्ये अयुथया वसले, १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने ते जाळले आणि १७८२ मध्ये चक्री घराण्याने बँकॉकला राजधानी केली. ही मांडणी लक्षात ठेवायला सोपी आहे, परंतु तिच्यात काही गोष्टी बसत नाहीत. चिआंग माईला स्वतःचा राजवंश आणि स्वतःची लिपी होती, मग ते शहर या ओळीत कुठे येते? लाओ भाषा थाईला इतकी जवळची असताना लाओस वेगळा देश कसा झाला? आसामच्या आहोमांचा या लोकांशी संबंध सांगतात, तो कितपत खरा? आणि आग्नेय आशियातील बाकी सारे देश युरोपीय सत्तांकडे गेले असताना सयाम (थायलंडचे जुने नाव) एकटाच स्वतंत्र कसा राहिला? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

ताम्रपट

शेवटच्या प्रश्नावर इतर सदस्य माझ्यापेक्षा चांगले लिहितील. मी आरंभाबद्दल लिहितो.

आहोमांचा संबंध पूर्णपणे खरा आहे. ताई कुळातील भाषा बोलणाऱ्यांचे मूळ आज चीनचा ग्वांगशी प्रांत आणि व्हिएतनामचा उत्तर भाग यांच्या आसपास मानले जाते, आणि ग्वांगशीतील च्वांग लोकांची भाषा आजही थाईच्या नात्यातली आहे. तेथून हे लोक एखाद्या सैन्यासारखे एकदम चालून आले नाहीत. भातशेतीपुरते पाणी असलेले खोरे पाहून, एकेका सरदाराच्या मागे, कित्येक शतके ते पांगत गेले. अशांपैकीच सुकाफा हा सरदार पाटकाईचे डोंगर ओलांडून १२२८ मध्ये ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्याकडे उतरला आणि त्याच्या वंशाने आसामात सुमारे सहाशे वर्षे राज्य केले. ब्रह्मदेशातील शान आणि मेकाँगकाठचे लाओ हेही याच विस्ताराचे भाग होत. युन्नानमधील नानचाओ हे थाईंचे पहिले राज्य होते, ही जुनी समजूत मात्र अभ्यासकांनी आता सोडून दिली आहे.

ज्या भूमीत ते आले ती ओसाड नव्हती, हे त्या सरळ रेषेत नेहमी झाकले जाते. चाओ फ्रायाच्या खोऱ्यात आधी कित्येक शतके मोन लोकांची द्वारवती म्हणून ओळखली जाणारी बौद्ध नगरे नांदत होती आणि पुढे लोपबुरी, फिमाईपर्यंत ख्मेर राजधानी अंगकोरचा अंमल पोहोचला होता. अंगकोर वाटच्या भिंतीवर बाराव्या शतकात कोरलेल्या मिरवणुकीत सयामी म्हणून नोंदलेली सैनिकांची एक तुकडी ख्मेर राजाच्या चाकरीत चालताना दिसते. थेरवादाची परंपरा, दरबारी ब्राह्मण, राजाभोवतीचे विधी, लिपीचे मूळ वळण यांतले बरेच काही थाईंनी याच शेजाऱ्यांकडून घेतले.

आता सुखोथाई. राजा रामखामहेंगचा चौकोनी शिलास्तंभ चारही बाजूंनी कोरलेला असून तो १८३३ मध्ये, त्या वेळी भिक्षू असलेल्या आणि पुढे राजा झालेल्या राजपुत्र मोंगकुटला तेथील अवशेषांत सापडला. या लेखातील कालगणना मराठी वाचकाला ओळखीची वाटेल. राजाने शके १२०५ मध्ये थाई अक्षरे योजली असे त्यात म्हटले आहे आणि त्यातील सर्वांत अलीकडचे वर्ष शके १२१४, म्हणजे इ. स. १२९२ आहे. हा आपलाच शालिवाहन शक, आणि त्या वेळी देवगिरीला रामदेवराव यादवाचे राज्य चालू होते. पाण्यात मासे आहेत, शेतात भात आहे, राजा वाटेवर जकात घेत नाही, ज्याला हत्तींचा व्यापार करायचा त्याने तो करावा, आणि ज्याचे गाऱ्हाणे असेल त्याने दरवाजाशी टांगलेली घंटा वाजवावी, म्हणजे राजा स्वतः ते ऐकेल, असे त्यात कोरले आहे. १९८०च्या दशकात काही अभ्यासकांनी हा लेख एकोणिसाव्या शतकात रचला गेला असावा, असा आक्षेप घेतला आणि त्यावर मोठा वाद झाला. २००३ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक स्मृतिठेव्यात स्थान दिले. मला स्वतःला लेख अस्सल वाटतो, पण राजाने कोरवून घेतलेली स्वतःची स्तुती म्हणजे राज्याचे वास्तव नव्हे. रामखामहेंगच्या मृत्यूनंतर मांडलिक नगरे एकामागून एक निसटली.

शिवाय त्याच काळात उत्तरेला मंगराईने लान्नाचे राज्य उभारून १२९६ मध्ये चिआंग माई वसवले. १२८७ मध्ये मंगराई, फयाओचा न्गाम मुआंग आणि रामखामहेंग या तिघांनी मैत्रीचा करार केल्याची परंपरा आहे. म्हणजे लान्ना ही सुखोथाईची शाखा नव्हती. ते बरोबरीचे राज्य होते, पुढे १५५८ मध्ये ते ब्रह्मी सत्तेखाली गेले आणि तेथे दोनशेहून अधिक वर्षे राहिले.

दर्यावर्दी

ताम्रपट यांच्या प्रतिसादाला पुढे जोडतो.

अयुथया हे सुखोथाईचे वारस म्हणून जन्मले नाही. तीन नद्यांच्या संगमावरचे, समुद्राशी नदीमार्गे जोडलेले ते बंदरच होते, आणि त्याची घडण ख्मेर वळणाच्या लोपबुरीची जितकी ऋणी आहे तितकी उत्तरेकडच्या नगरांची नाही. सुखोथाई त्याने हळूहळू पोटात घेतले. चिनी, फारसी, जपानी, डच असे सर्व व्यापारी येथे वस्ती करून होते. पोर्तुगीजांनी मलाक्का घेताच १५११ मध्ये आल्बुकर्कने आपला दूत येथे पाठवला. नाराई राजाच्या काळात (१६५६ ते १६८८) पोर्तुगालला निघालेल्या सयामी वकिलांना गोव्यात पुढच्या जहाजाची वाट पाहत जवळजवळ वर्षभर थांबावे लागले आणि अखेर मिळालेले जहाज १६८६ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी फुटले. याच राजाच्या दरबारात फॉलकन नावाचा ग्रीक माणूस सर्वांत बलाढ्य मंत्री होऊन बसला होता. फ्रेंच सैन्य बँकॉकच्या किल्ल्यात शिरल्यावर १६८८ मध्ये दरबाराने उठाव केला आणि फॉलकनला ठार मारले.

परंतु या राज्यांचे खरे मर्म समजून घ्यायचे तर व्यापारापेक्षा माणसांकडे पाहावे लागते. जमीन भरपूर आणि कसणारे हात थोडे, अशी तेथील स्थिती होती, त्यामुळे राजाची ताकद त्याच्या मुलखावरून मोजली जात नसे, ती त्याच्या ताब्यातील माणसांवरून मोजली जाई. पंधराव्या शतकातील त्रैलोकनाथ राजाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यवस्थेत प्रत्येकाला एक आकडा होता: गुलामाला ५, साध्या रयतेला २५, चारशेच्या वर अधिकारी, आणि उपराजाला १,००,०००. हा आकडा जमिनीच्या मापात सांगितला जाई, पण व्यवहारात तो दर्जाच होता. राजाच्या रयतेला वर्षातील सहा महिने वेठ करावी लागे, आणि कोणाचा माणूस कोणता हे कळावे म्हणून मनगटावर गोंदण केले जाई.

हे ध्यानात घेतले की तेथील युद्धांचा अर्थ लागतो. १५६९ मध्ये ब्रह्मी राजा बायिन्नौंगने अयुथया जिंकले तेव्हा आणि १७६७ मध्ये ते पडले तेव्हाही हजारो माणसे ब्रह्मदेशात नेली गेली. सयामनेही तेच केले. १८२८ मध्ये व्हिएन्तिआन उद्ध्वस्त केल्यावर तेथील लाओ लोक मेकाँगच्या अलीकडे आणून वसवले. वाटसरू यांच्या लाओसविषयीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे. चिआंग माई तर अठराव्या शतकाच्या अखेरीस जवळजवळ ओस पडले होते. काविला या सरदाराने शान मुलखातील गावेच्या गावे उचलून आणली आणि ते पुन्हा भरवले. बँकॉकच्या आधी थोनबुरीला राजधानी करणारा ताक्सिन हा चिनी बापाचा मुलगा होता, आणि १७६७ नंतरच्या धुळधाणीतून राज्य इतक्या लवकर सावरले, ते बव्हंशी चिनी व्यापारी आणि तांदूळ यांच्या बळावर.

वाटसरू

आपणा दोघांचे मनापासून आभार. माणसांवर राज्य आणि मुलखावर नाही, असे असेल तर सरहद्दी तरी कशा ठरत? आणि मग स्वातंत्र्य टिकले ते कशामुळे?

मोडीवाचक

सरहद्दी आजच्या अर्थाने नव्हत्याच. केदाह, केलांतान, तेरेंगानू ही मलय राज्ये दर तीन वर्षांनी बँकॉकला सोन्याचे आणि चांदीचे झाड नजराणा म्हणून पाठवीत. पाने, फांद्या, फुले सगळे धातूत घडवलेले असे. तेवढे पोहोचले की आपल्या घरात ती आपली मुखत्यार. एकाच वेळी दोन धन्यांना नजराणा देणे ही लबाडी मानली जात नसे. कंबोडियाचा राजा बँकॉक आणि ह्युए (व्हिएतनामची तेव्हाची राजधानी) अशा दोन्ही दरबारांचे वर्चस्व मानत असे. युरोपीय सत्तांना हे चालणारे नव्हते, कारण त्यांना नकाशावर ओढलेली रेघ हवी होती.

स्वातंत्र्य टिकण्याचे श्रेय पुष्कळदा केवळ राजांच्या चातुर्याला दिले जाते. चातुर्य होतेच. मोंगकुटने १८५५ मध्ये इंग्रज वकील बाउरिंगच्या कराराने आयात जकात ३ टक्क्यांवर बांधून घेतली आणि इंग्रज प्रजेवरचा न्यायाधिकारही सोडला, पण युद्ध टाळले. त्याचा मुलगा चुलालोंगकोर्न १८७२ मध्ये, अवघा अठरा वर्षांचा असताना, हिंदुस्थानात आला आणि कलकत्ता, दिल्ली, मुंबई फिरून इंग्रजी कारभार त्याने जवळून पाहिला. तरीही माझ्या मते निर्णायक कारण वेगळे होते. ब्रह्मदेशात इंग्रज आणि इंडोचीनमध्ये फ्रेंच असताना दोघांनाही मधे एक पट्टा मोकळा हवा होता, आणि १८९६ च्या जाहीरनाम्यात त्यांनी चाओ फ्रायाच्या खोऱ्याची हमी दिली ती त्यासाठीच. किंमत मात्र जबर होती. १८९३ मध्ये फ्रेंच युद्धनौका नदीच्या मुखावरचा पाकनामचा किल्ला ओलांडून बँकॉकपर्यंत आल्या आणि सयामला मेकाँगचा पूर्व तीर सोडावा लागला. आजचा लाओस हा मुख्यतः त्या दिवसांचा परिणाम आहे. १९०७ मध्ये कंबोडियाकडचे बात्तांबांग आणि सिएम रीप हे प्रांत फ्रेंचांकडे गेले, १९०९ मध्ये ती सोन्याची झाडे पाठवणारी मलय राज्येही इंग्रजांना दिली गेली.

जे उरले त्यावर बँकॉकने स्वतः वसाहतवाल्यांच्याच पद्धतीने अंमल बसवला. चुलालोंगकोर्नचा सावत्र भाऊ दामरोंग १८९२ पासून गृहमंत्री होता. त्याने स्थानिक राजांच्या जागी पगारी अधिकारी नेमले. १९०२ मध्ये पट्टाणीच्या राजाला पदच्युत केले गेले, त्याच वर्षी फ्रे येथे शानांचा उठाव झाला आणि ईशान्येकडच्या लाओ भाषक मुलखातही बंड झाले. सर्व मोडून काढली गेली. हाच दामरोंग पुढे थाई इतिहासलेखनाचा जनक म्हणून ओळखला गेला. सुखोथाई, अयुथया, बँकॉक अशी एकापाठोपाठ एक राजधान्यांची ओळ मुख्यतः त्याच्या आणि त्याच्या पिढीच्या लेखनातून रूढ झाली, आणि लान्ना, पट्टाणी, लाओ मुलूख त्या ओळीत बँकॉकचे जुने प्रांत म्हणून बसवले गेले. आपल्याला जे खटकले ते म्हणूनच योग्य जागी खटकले आहे.

राजाची अनियंत्रित सत्ता संपवणाऱ्या १९३२ च्या क्रांतीनंतर लष्करी नेता आणि पंतप्रधान फिबुनने हीच कथा आणखी पुढे नेली. १९३९ मध्ये देशाचे नाव सयामऐवजी थायलंड करून त्याने सर्व ताई भाषकांच्या एका देशाचे स्वप्न मांडले आणि १९४१ मध्ये जपानच्या मध्यस्थीने फ्रेंचांकडे गमावलेला काही मुलूख परत घेतला, जो १९४६ मध्ये सोडावा लागला. त्या काळच्या रेघांचा तंटा आजही मिटलेला नाही. थायलंड-कंबोडिया सरहद्दीवरचे प्रेआह विहेअरचे मंदिर १९६२ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने कंबोडियाला दिले, ते फ्रेंच अधिकाऱ्यांनी १९०७ मध्ये काढलेल्या आणि सयामने तेव्हा हरकत न घेतलेल्या एका नकाशाच्या आधारे.